वेडी बाभूळ आणि शहाणा हिशेब



चैत्र-वैशाखात एकदा कड्याहून सीनेच्या काठाकडे उतरून पाहा. ज्वारी खळ्यावरून घरात गेलेली, पऱ्हाट्या उपटून चुलीला लागलेल्या, रान उघडे पडलेले. बांधावरचा एखादा लिंब सोडला तर नजर टेकेल असे हिरवे कुठे नाही. आणि नदीच्या पात्रात मात्र हिरवेगार जंगल. दोन्ही काठ, मधली वाळू, बंधाऱ्याचा फुगवटा, सगळीकडे एकच झाड. वेडी बाभूळ. परक्या माणसाला वाटावे, काय हिरवा तालुका आहे! आपल्याला माहीत आहे की ज्या महिन्यात आपल्या मायबहिणी टँकरपुढे हंडे मांडून बसतात, त्या महिन्यात हे जंगल हिरवे आहे ते कुणाच्या तरी वाट्याच्या पाण्यावर.

गावोगावच्या बैठकांत हा विषय निघतोच. एक जण उठतो आणि म्हणतो, "जेसीबी लावा, सगळी उपटून टाका, नदी आपोआप वाहायला लागेल." दुसरा म्हणतो, "झाड ते झाड, तोडाल तर उरलासुरला पाऊसही जाईल." दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघांच्याही हातात आकडा नसतो. आमचे म्हणणे या दोघांपेक्षा वेगळे आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. वेडी बाभूळ नदीतून काढली पाहिजे. पण ती ठरवलेल्या जागेवरून, मुळासकट आणि गावाच्या कारभाराखाली. तसे झाले नाही तर गावाचा पैसा जाईल, गरिबाचे सरपण जाईल, आणि पाणी काही येणार नाही.

चार गुणांचे झाड

आम्ही शेतीची पदवी घेत होतो तेव्हा या झाडाचे चार गुण शिकवले जात. पाणी लागत नाही, निगा लागत नाही, पाल्याला जनावर तोंड लावत नाही, आणि तोडले तरी पुन्हा फुटते. पडीक जमीन हिरवी करायला याच्यासारखे दुसरे झाड नाही, असे उत्तर आम्ही परीक्षेत लिहिले आणि मार्कही मिळवले. पुढे पदवी बाजूला ठेवून गावोगाव हिंडायला लागलो तेव्हा कळले, की तीन गुण खरे आहेत. पहिला तेवढा खोटा. पाणी द्यावे लागत नाही याचा अर्थ पाणी लागत नाही असा होत नाही. ती न विचारता घेते, एवढेच.

हे झाड मूळचे आपले नव्हे. ते अमेरिका खंडातले. इंग्रजांच्या वनखात्याने १८७७ च्या सुमारास त्याचे बी जमैकाहून मागवून आजच्या आंध्रातल्या कडप्पा भागात लावले. जोधपूर संस्थानाने १९४० मध्ये त्याला 'शाही झाड' म्हणून जाहीर केले. कच्छमध्ये रण पुढे सरकू नये म्हणून १९६१ पासून बन्नीच्या गवताळ माळावर वनखात्याने त्याची लागवड केली, आणि त्या माळाचे बरेचसे गवत या झाडाने गिळले. तिथले पशुपालक त्याला 'गांडो बावळ' म्हणतात, म्हणजे वेडाच बाभूळ. वेगवेगळ्या भाषांतल्या माणसांनी एकाच झाडाला वेडे ठरवावे, यात काहीतरी तथ्य असणारच.

पुढचा प्रसार आपल्याच शेळ्या-मेंढ्यांनी आणि गुरांनी केला. पाला कडू, पण शेंग गोड. उन्हाळ्यात चारा नसतो तेव्हा जनावर ती शेंग खाते, आतले कठीण बी पचत नाही, ते लेंडीतून-शेणातून जिथे पडेल तिथे उगवते. जनावरे पाण्यावर जातात, म्हणून बी पाण्याकाठी पडते. वरून पूर येतो, तो ते खालच्या गावाला पोचवतो. आणि रान कसणारा माणूस दसरा-दिवाळीला कोयता घेऊन कारखान्याला गेला की त्याच्या बांधावरचे रोप उपटायला मागे कुणी उरत नाही. सहा महिन्यांनी तो परत येतो तेव्हा रोपाची काटेरी जाळी झालेली असते.

किती पिते?

आता हिशेब. आपली ज्वारी साधारण माघापर्यंत उरकते. कपाशीही थांबते. त्यानंतर पावसाळ्यापर्यंत आपले पीक जमिनीतून काही ओढत नाही. वेडी बाभूळ मात्र याच महिन्यांत हिरवी असते. तिच्या मुळ्या मुरूम आणि खडकाच्या भेगा शोधत खाली जातात. अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका उघड्या खाणीत या कुळातल्या झाडाच्या मुळ्या ५३ मीटर, म्हणजे सुमारे १७५ फूट खाली सापडल्याची नोंद आहे. इतके लांब जायची गरज नाही. नदीकाठची जुनी विहीर उपसताना चार-पाच परस खाली कड्यातून लोंबणाऱ्या मुळ्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत.

इथिओपियाच्या अफार भागात शास्त्रज्ञांनी या झाडांच्या खोडांना यंत्रे लावून मोजणी केली. एक झाड दिवसाला सरासरी ७ लिटर पाणी ओढते असे निघाले; लहान झाड १ लिटर, मोठे ३६ लिटरपर्यंत. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागात मोजणी झाली, तिथे या झाडांची दाटी काढली तर हेक्टरी महिन्याला जास्तीत जास्त ७० घनमीटर भूजल वाचू शकते असा अंदाज आला. आपल्या खडकात आणि आपल्या पावसात हा आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण अंदाज बांधायला तो पुरेसा आहे.

७० घनमीटर म्हणजे ७० हजार लिटर. एकराला पडले २८ हजार. गावच्या नदीत आणि ओढ्यात मिळून दहा एकर दाट बाभूळ आहे असे धरा. महिन्याला २ लाख ८० हजार लिटर झाले. हे थोडे की फार? दोन मापांनी मोजून पाहा.

पहिले माप शेताचे. ज्वारीला सहा सेंटिमीटरची एक पाळी द्यायची तर एकराला सुमारे अडीच लाख लिटर लागतात. म्हणजे दहा एकर बाभूळ महिनाभर जे पिते, त्यात जेमतेम एका एकराचे एक भिजवणे होते. मोकाट पाण्यावरचा एक एकर ऊस वर्षाला ८० लाख ते १ कोटी लिटर घेतो. दहा एकर बाभळीचे वर्षाचे पिणे ३४ लाखांच्या आत राहते, म्हणजे अर्ध्या एकर उसापेक्षाही कमी. ऊस लावणाऱ्यावर आमचा राग नाही. ज्या पिकाला निदान काही भाव मिळतो ते शेतकरी लावणारच. पण बाभूळ काढली की तालुका बागायती होईल, असे जो कुणी सांगेल त्याला हा हिशेब दाखवा.

दुसरे माप हंड्याचे. टंचाईत टँकरने माणशी दिवसाला २० लिटर पाणी धरतात. २ लाख ८० हजार लिटर म्हणजे साडेचारशेहून अधिक माणसांचे महिनाभराचे पाणी. एक अख्खी वस्ती! आणि तेही पाणी टँकरने आणायचे नाही, ते गावच्याच जमिनीत आहे.

सगळा प्रश्न या दोन मापांत आहे. शेत भिजवायला हे पाणी क्षुल्लक आहे, पण पिण्याच्या पाण्यासाठी ते मोलाचे आहे. म्हणून बाभूळ काढायची ती पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून सुरुवात करून. तालुक्यातली झाडून सारी काढायला निघालो तर आयुष्य पुरणार नाही.

ज्यांनी काढली त्यांचे काय झाले

दुसऱ्याच्या ठेचेने शहाणे व्हावे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात पेकॉस नावाची नदी आहे. तिच्या काठी आपल्या झाऊच्या कुळातले एक परदेशी झाड असेच माजले होते. ते दिवसाला शेकडो लिटर पिते अशी हवा होती. १९६७ पासून सरकारने सुमारे १९ हजार एकरांवरचे ते झाड काढले. १९८२ पर्यंत मोजमाप केले. नदीचा प्रवाह मोजता येईल इतका वाढलाच नाही. उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीतून पाणी उन्हाने उडाले, आणि मागाहून जी झाडे-झुडपे उगवली त्यांनीही ते प्यायले. २०१० मध्ये तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्याचाही सूर हाच होता.

दक्षिण आफ्रिकेत १९९५ मध्ये पाणी खात्याचे मंत्री कादर अस्मल यांनी 'वर्किंग फॉर वॉटर' नावाची योजना सुरू केली. बेकार खेडूत माणसांना, त्यातही बायकांना, मजुरी देऊन परदेशी झाडे काढायचे काम. हजारो हातांना काम मिळाले आणि ठिकठिकाणी ओढ्यांना फरक पडला. पण जिथे एकदा तोडून पुन्हा फिरकले नाहीत तिथे झाड पहिल्यापेक्षा दाट होऊन परत आले.

आपल्या देशातही तमिळनाडूत हा वाद कोर्टात गेला. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ही बाभूळ काढण्याचे आदेश दिले, जिल्ह्याजिल्ह्यात यंत्रे सुरू झाली, आणि २०१७ मध्येच त्याच न्यायालयाने आधी तज्ज्ञांकडून तपासून घ्या म्हणून कामाला स्थगिती दिली. त्या गडबडीत नाही नाही त्या वावड्या उठल्या. ही बाभूळ हवेतली ओल शोषून पाऊस पळवते, हिच्या सावलीत बांधलेले जनावर वांझ होते, वगैरे. या गोष्टींना शास्त्राचा आधार नाही. खरे कारण हातात असताना खोटे सांगितले की खऱ्यावरचाही विश्वास उडतो. आपल्या व्यासपीठावरून कुणी असे बोलू नये.

यातून घ्यायचे ते एवढे. तोडणे म्हणजे काढणे नव्हे. एकदा काढणे म्हणजे कायमचे काढणे नव्हे. आणि रिकामी जागा रिकामी राहत नाही. तिथे काय उगवायचे हे आपण ठरवले नाही तर बाभूळच ठरवते.

नदी कुणाची?

पाण्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट पात्राची. बाभळीच्या जाळीत गाळ अडतो, गाळावर नवी जाळी उगवते, पात्र वर येते आणि अरुंद होते. मग एक दिवस आभाळ फाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला तेव्हा बीड, नगर, धाराशिव, सोलापूर या चारही जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी काय भोगले ते आपण विसरलेलो नाही. पूर पावसाने आला, बाभळीने आणला नाही. पण पात्रातली वाट अडली की पाणी काठावरून वाट काढते, आणि काठावर आपले शेत असते. पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली माती एका रात्रीत गेली, ती कुठल्याही मदतीने परत येत नाही. उन्हाळ्यात घशाला कोरड आणि पावसाळ्यात शेत खरडून निघालेले, असा दोन्हीकडून मार आपण खातो.

मग हे पात्र साफ करायचे कुणी? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम २० सांगते की नद्या, नाले, तळी आणि त्यांतले पाणी ही सरकारची मालमत्ता. ठीक आहे. मालक सरकार, तर मालकाने आपल्या मालमत्तेची निगा राखावी. पण कागद घेऊन जा आणि अनुभव घ्या. पात्र महसूलचे. मेहकरी, कडा, रुटी, तलवार, कांबळी हे प्रकल्प जलसंपदेचे. पाझर तलाव कुठला जिल्हा परिषदेचा, कुठला मृद व जलसंधारणाचा. काठावरचा एखादा पट्टा वनखात्याचा. एका टेबलावरचा साहेब दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतो. वाळूचा लिलाव करायचा असतो तेव्हा नदी सरकारची असते. काटे काढायची वेळ आली की ती कुणाचीच नसते.

आणि आपण काढायला गेलो तर? काठाच्या शेतकऱ्याने आपल्या विहिरीपुढची बाभूळ स्वखर्चाने काढली तर त्याला कुणी शाबासकी देत नाही. उलट लाकूड कुणाला विचारून नेले, असा सवाल येतो. कोळसा भट्टीवाला मात्र रातोरात खोडे कापून ट्रक भरून नेतो, बुंधे जागेवर ठेवतो. त्या एका बुंध्याला पुढच्या पावसात दहा फुटवे येतात. ठेकेदाराला दोन-तीन वर्षांनी नवे पीक मिळते, गावाला नवे काटे.

चुलीचा प्रश्न

मागे एका गावच्या बैठकीत आम्ही हे सगळे आकडे सांगत होतो. मागच्या बाजूला बसलेली एक मावशी उठून म्हणाली, "दादा, तुमचं समदं खरं. पर ही काढली तर माजी चूल कशानं पेटवू? गॅसची टाकी भरायची ती काय तुम्ही भरणार का?" सभा हसली. आम्हाला हसू आले नाही. कारण तिचे बरोबर होते आणि आमच्या हिशेबात तिची चूल धरलेलीच नव्हती.

ज्याला जमीन नाही, ज्याच्या बांधावर लिंब-बाभूळ नाही, त्याचे सरपण ही वेडी बाभूळ आहे. चार शेळ्या पाळणाऱ्या बाईला उन्हाळ्यात तिच्या शेंगांचा आधार आहे. शेतकऱ्याने आपल्या विहिरीसाठी तिची चूल विझवायची आणि वर पाण्याच्या गप्पा मारायच्या, हा न्याय नव्हे. म्हणून काढलेल्या लाकडावर पहिला हक्क गावातल्या सरपण वेचणाऱ्या घरांचा असला पाहिजे. माळावरची, पाण्यापासून लांबची बाभूळ सरपणासाठी राखून ठेवायला हरकत नाही. तिथे ती कुणाच्या विहिरीत उतरत नाही. आणि शेंगा वाया घालवण्याचे कारण नाही. त्या वाळवून दळल्या की बी मरते आणि पशुखाद्य तयार होते. जोधपूरच्या 'काझरी' या कोरडवाहू संशोधन संस्थेने हा मार्ग दाखवलेला आहे. शेंग वेचून दळली तर शेळीही जगते आणि प्रसारही थांबतो.

करायचे काय

क्रम असा धरा. आधी गावच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीचा परिसर. मग बंधाऱ्यांचा आणि पाझर तलावांचा फुगवटा. मग नदीचे मधले पात्र, पुराची वाट मोकळी होण्यापुरते. उभे काठ सगळ्यात शेवटी, आणि तेही एका दमात नाही; टप्प्याटप्प्याने, आधी देशी झाड लावून ते धरले की मग. काठाची माती आज या काटेरी मुळ्यांनीच धरलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. बंधाऱ्याच्या किंवा तलावाच्या भिंतीवरची बाभूळ मात्र आपल्या मनाने उपटू नये. मुळी निघाली की भिंतीत पोकळी पडते. ते काम अभियंत्याला उभे करूनच करावे.

पद्धत अशी. शेंग पिकायच्या आत काम उरकावे. नुसते खोड कापू नये. भोवतीची माती उकरून बुंधा जमिनीखाली फूटभर कापावा, म्हणजे फुटव्याचे डोळे त्याच्याबरोबर निघतात. जमिनीत ओल असताना हे काम सोपे जाते, मोठे झुडूप यंत्राने, लहान रोप हाताने. पुढची निदान तीन वर्षे पावसाळ्यानंतर एक फेरी मारून नवी रोपे उपटावीत, कारण बी जमिनीत वर्षानुवर्षे दम धरून राहते. मोकळ्या जागेत करंज, लिंब, जांभूळ, उंबर, अर्जुन, देशी बाभूळ, निर्गुडी, आणि काठाला वाळा व मारवेल. देशी बाभूळही पाणी पितेच. पण ती असे जंगल करत नाही, तिचा पाला शेळी खाते आणि लाकूड औताला येते.

आणि शेवटचे, सगळ्यात स्वस्त काम. दोन विहिरी निवडा. एक साफ केलेल्या पात्राजवळची, एक न केलेल्या पात्राजवळची. दर पौर्णिमेला दोरी सोडून पाणी किती खोल आहे ते मोजा आणि शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर लिहा. सरकारची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. आपण बारादा मोजू. तीन उन्हाळे झाले की कुणाच्या सांगण्यावर विसंबायला नको. पाणी वाढले तर पुढचा तुकडा काढू. नाही वाढले तर तेही उघडपणे सांगू आणि तिथेच थांबू.

येत्या जिल्हा बैठकीपुढे आम्ही हे ठराव मांडणार आहोत. गावागावांत आधी चर्चा करून या.

१. नदी-नाल्यांच्या पात्रातील वेडी बाभूळ काढण्याचा अधिकार ग्रामसभेला द्यावा. त्यासाठी चार खात्यांची चार ना-हरकत पत्रे मागू नयेत.

२. या लाकडाचा लिलाव ग्रामसभेत उघडपणे व्हावा. घरगुती सरपण आधी वाटावे. उरलेल्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवून ते फक्त बुंधे काढणे, फेरनिगा आणि देशी झाडे यांवरच खर्च व्हावेत. बुंधा ठेवून खोड नेणाऱ्याला पुन्हा लिलावात घेऊ नये.

३. बुंधे काढण्याचे आणि तीन वर्षांच्या निगेचे काम रोजगार हमीत धरावे. १९७२ च्या दुष्काळात ही कल्पना याच महाराष्ट्राने देशाला दिली. हे काम दिवाळीच्या आत सुरू झाले तर काही घरांचे कारखान्याला जाणे तरी टळेल.

४. ज्या गावाने विहिरीची नोंद ठेवली नाही त्या गावाने दुसऱ्या टप्प्यासाठी पैसा मागू नये. हे बंधन आपले आपल्यावर.

बीड जिल्ह्यात पाऊस वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि आष्टीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्याला तो क्वचितच वेळेवर मिळतो. तो वाढवणे आपल्या हातात नाही. पडलेल्या पाण्यातले कोण किती घेते, हे पाहणे आपल्या हातात आहे. बैठकीला येताना आपल्या गावच्या नदीत किती एकर बाभूळ आहे, पिण्याच्या विहिरीपासून ती किती अंतरावर आहे आणि किती घरे तिच्या सरपणावर आहेत, हे तीन आकडे कागदावर लिहून आणा. भाषणे आम्ही कमी करू. आकडे तुम्ही जास्त आणा.